पोत्याचा निशाणा आणि चौदा चांदण्या

पन्नाशी उलटल्यावर माणसं योगासनं करतात, माझ्या वाट्याला धनुष्यबाण आला. अमेरिकेतला चुलतभाऊ सुट्टीवर आला तेव्हा स्वतःचं जुनं धनुष्य आणि तीन बाण माझ्याकडं ठेवून गेला. तिकडं तो परवाना काढून शिकार करतो. इकडं शिकारीला बंदी आहे, आणि माझ्या हातून तर झुरळही मरत नाही. तरी आलेली वस्तू वापरायचीच, हा आमच्या घरचा नियम.

बाणांच्या टोकाला तीन-तीन पाती होती, दाढीच्या ब्लेडसारखी. भाऊ बजावून गेला होता, "थर्माकोल-बिर्माकोल लावू नको, दोन दिवसांत भुगा होईल. घट्ट ठासलेलं काहीतरी लाव." म्हणून मी शहागंजच्या बाजारातून ज्वारीचं रिकामं पोतं आणलं आणि बायकोला विचारलं, "जुने कपडे आहेत का गं?"

"दिवाणात बोहारणीसाठी गाठोडं बांधलंय. तेवढंच घ्या. बाकी कशाला हात लावू नका."

दिवाणात गाठोडी दोन निघाली. हाताला आधी लागलं ते मी उचललं. साड्या नव्यासारख्या दिसत होत्या, पण ही वापरतेच जपून, त्यामुळं संशय आला नाही. उलट कौतुक वाटलं. घडीवर घडी ठेवत पोतं भरलं, वर उभा राहून नाचलो, दाभणानं सुतळी ओवून तोंड शिवलं. मागच्या अंगणात भिंतीला टेकवून चुन्यानं गोल काढला. तो अंड्यासारखा झाला.

पहिला बाण कढीपत्त्यात गेला. दुसरा भिंतीला लागून वाकला. तिसरा थेट अंड्याच्या मध्यभागी. मी आजूबाजूला पाहिलं. कुणीही बघत नव्हतं.

निदान बायकोनं तरी बघावं म्हणून आत गेलो, तर ती दिवाण उघडून उभी.

"अहो, मोरपंखी साडी कुठंय? परवा ताई येणारेत."

ताई म्हणजे माझी धाकटी बहीण, सोयगावला दिलेली. पुतणीच्या लग्नातल्या मानपानावरून या दोघींचा दोन वर्षं अबोला होता. गेल्या दिवाळीत बहिणीनं आपणहून ही साडी आणली, "पुढच्या खेपेला अंगावर दिसू द्या वहिनी," एवढंच म्हणाली, आणि बोलणं सुरू झालं. ती साडी म्हणजे आमच्या घरातला तह होता. तो मी पोत्यात ठासला होता.

मी कात्री मागितली.

पोतं उसवून साडी उलगडली. बाण घडीच्या आरपार गेला होता, त्यामुळं एकाच नेमात चौदा भोकं पडली होती. तीन पात्यांची, चांदणीच्या आकाराची, अगदी सारख्या अंतरावर. बायकोनं बोटानं भोकं मोजली. मग म्हणाली, "नेम बरा लागला की."

दोन दिवस ती एकेका चांदणीच्या कडा सोनेरी दोऱ्यानं शिवत बसली. मला सुईत दोरा ओवायचं काम मिळालं. तिथंही माझा नेम चुकत होता.

बहीण आली. बायकोनं मोरपंखी साडी नेसून चहा दिला, तर बहिणीच्या हातात कप तसाच.

"वहिनी, ही मी दिलेलीच व्हय?"

"तीच."

"अन् ह्या चांदण्या?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं. खोटं सांगायची सोय होती. तिनं ती वापरली नाही. "ह्यांनी बाण मारला, ताई. मी शिवलं."

बहीण माझ्याकडं वळली. "दादा, लहानपणी तुला समोरची गोटी लागत नव्हती. अन् नेम धरला तो माझ्या साडीवर?"

मग पदर हातात घेऊन ती एकेका चांदणीवरून बोट फिरवत राहिली. "लई डोळे फोडलेत वहिनी तुम्ही." पदराच्या टोकाशी तिचं बोट थांबलं. "ही एक राहिली बघा."

"वेळच नाही मिळाला."

"द्या इकडं."

चहा बाजूला ठेवून बहिणीनं वहिनीचा पदर मांडीवर ओढला आणि न बघताच माझ्यापुढं सुई धरली.

मी दोरा ओवून दिला. चौथ्या प्रयत्नात.