सूर्यफुलाचा टॉवेल

मुलांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्यातल्या थोरलीनं विचारलं, "आजी, शाळा संपल्यावर एक वर्ष थांबलं तर ते वाया जातं का?" मी तोंड उघडेपर्यंत तुमच्या आईनं फोन घेतला आणि विषय बदलला. म्हणून उत्तर लिहून पाठवते. सल्ला नाही, या घरात काय झालं तेवढंच सांगते.

तुमची चुलत बहीण बारावी झाली तेव्हा तिचे मार्क मेडिकलला पुरणारे नव्हते. तुम्ही ज्याला गॅप इयर म्हणता त्याला इथे ड्रॉप म्हणतात, आणि ड्रॉप म्हणजे लातूरचा क्लास, हे सोलापुरात गृहीतच असतं. तुमच्या काकानं तिथलं हॉस्टेलही पाहून ठेवलं होतं. ती म्हणाली, "मला डॉक्टर व्हायचंच नाही. वर्षभर कापडाचं डिझाइन शिकते, मग ठरवते." चार दिवस घरात ताटं आपटली गेली. शेवटी काका म्हणाला, "दिवाळीपर्यंत काहीतरी करून दाखव. नाहीतर बॅग भरायची."

आमच्या शेजारच्या तेलुगू घरातल्या गृहस्थांचा अक्कलकोट रोडला टॉवेलचा कारखाना आहे. तुमच्या आजोबांचे ते मित्र. मी शब्द टाकला आणि ती तिथे जाऊ लागली. मी तिला दिवसाचं वेळापत्रकही आखून दिलं होतं. त्यातली जेवणाची वेळ तेवढी पाळली गेली.

आता बऱ्याच ठिकाणी हे काम कॉम्प्युटरवर होतं. त्या कारखान्यात मात्र चित्र आधी चौकटींच्या कागदावर काढतात, एक चौकट म्हणजे एक धागा. त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडतात आणि त्या भोकांप्रमाणे मागावर नक्षी उमटते. गणपतीनंतर तिला डिझाइन करायला पहिला टॉवेल मिळाला. तिनं मधोमध एक मोठं सूर्यफूल घ्यायचं ठरवलं. सायन्सची मुलगी, तिनं शाळेतलाच ग्राफपेपर घेतला आणि कंपासनं गोल काढला. पण त्या मागावर उभे धागे दाट बसतात, आडवे विरळ. त्यासाठी कागदच वेगळ्या मापाच्या चौकटींचा लागतो, नाहीतर कागदावरचा गोल कापडावर लांबट होतो. तिनं विचारलं नाही आणि कुणी पाहिलं नाही.

दसऱ्याच्या आधी एका संध्याकाळी शेजारी टॉवेल घेऊन घरीच आले.

"वहिनी, नातीचं सूर्यफूल बघा. आमच्या मागावर वांगं उगवलंय की! शेंगाकूट घालून भरा आता."

मलाही हसू आलं. ती टॉवेलाकडे बघत उभी राहिली. काका सोफ्यावर पेपर वाचत होता. रोज जेवताना "काय डिझायनर, आज काय उजेड पाडला?" म्हणणारा तोच. आता लातूर पक्कं, असं मी धरून चालले.

त्यानं पेपर खाली ठेवला. "हसायला काय झालं? पहिल्यांदा काढलंय तिनं."

"अहो, गंमत केली हो."

"मग पुन्हा एकदा माग द्या तिला."

"सगळी कार्डं नव्यानं पाडायला लागतील. दिवाळीची घाई आहे, माझी माणसं कुठून देऊ?"

"माणसं नकोत. सुट्टीच्या दिवशी मी येतो."

"तुम्ही? बँकेतले साहेब भोकं पाडणार?"

"तिनं सांगितलं तर पाडेन."

आणि तो खरंच गेला. तिनं योग्य कागदावर फूल पुन्हा काढलं. तो एकेक ओळ वाचून दाखवायचा, ती कार्डांना भोकं पाडायची. मी डबा घेऊन गेले तेव्हा ती ओरडत होती, "पप्पा, ओळ सोडली तुम्ही! नीट बघा ना!" आणि तो निमूटपणे मागे जाऊन पुन्हा वाचत होता. घरात त्याच्याशी असं बोलायची कुणाची टाप नाही.

फूल गोल आलं. दिवाळीत बॅगेचा विषय कुणी काढला नाही. पुढच्या वर्षी तिनं टेक्सटाइलला प्रवेश घेतला. काकाला मुलगी डॉक्टर व्हायला हवी होती, हे तो अजूनही लपवत नाही.

तर वर्ष तसं वाया जात नाही. लोळून काढलं तर जातं.

त्या पहिल्या खेपेला निघालेले वांग्याचे टॉवेल आम्ही घरात वापरून संपवले. गोल फुलाचा टॉवेल त्या कारखान्यात दोन मागांवर अजून निघतो.