गुणवंताचा तिरपा 'आर'

गुणवंता पेंटरचं नाव निघालं का माह्या पोटात आजही दुखते. रामाकोन्याचा माणूस. सायकलच्या दांड्याले रंगाचे डबे बांधून सौंसरले ये. मी मोरेश्वर पेंटर, सौंसरच्या बाजारात माहं दुकान त्याच्या कितीतरी आधीचं. पण विचारते कोण?

मोटारपंपाच्या खोक्यावर त्याले इंग्रजी अक्षराचं ते वळण सापडलं. जाड, तिरपं, अन् पायाले चौकोनी पट्टी. खोक्यावर सात-आठच अक्षरं होती. बाकीची त्यानं त्यातूनच घडवली, टिनात कापून छापे केले, अन् भगवंतराव व्यापाऱ्याच्या संत्र्याच्या पेट्यांवर मारले. झालं. कलकत्त्याचे हमाल म्हणे नाव वाचतच नाई, दुरून तिरपेपणा पाहून पेटी उचलते. मग बँडवाले, ट्रकवाले, कापसाचे जिनिंगवाले, ज्याले त्याले तेच पाहिजे. म्हणे मोरेश्वरचं अक्षर उभं राहते, गुणवंताचं चालून राहिलं. माह्या बायकोनं, प्रेमलतानं, ट्रंकेवरचं नावही त्याच्याकडूनच काढून घेतलं. घरात पेंटर बसला होता ना, बाप्पा.

चौऱ्याऐंशीच्या संत्र्याच्या आंबिया बहारात रघुनाथराव व्यापारी मले म्हणाले, "तसंच अक्षर मारून दे. गुणवंताकडे आपला नंबर लागून नाई राहिला." म्हणजे तो नाई म्हणून मी. अंगाची आग झाली, पण काम घेतलं. मले एकच पाहिजे होतं. त्या गुणवंतानं माह्या अक्षरापुढं थांबावं अन् म्हणावं, या हातात कसब आहे.

आधी जमेच ना. अख्खं अक्षर कलतं केलं त पायाची पट्टीही उचलली गेली, अन् अक्षर दारू पेल्यावानी पडाले आलं. बरेच टिन वाया गेले तेव्हा कळलं, अंग तिरपं करायचं, पाय जमिनीवर सपाटच ठेवायचा. रघुनाथरावाच्या नावातल्या 'आर'ची तंगडी पुढे टाकली अन् तिचा पाय जरासा लांबवला. तो 'आर' पाहून माहेच डोळे भरले.

ट्रक भरून राहिले होते त्या दिवशी गुणवंता आला. रघुनाथरावाच्या पेटीपाशी थबकला, उकिडवा बसला अन् अंगठ्यानं 'आर'चा पाय चाचपू लागला. म्हटलं, बोल आता.

"मोरेश्वरभाऊ," तो म्हणे, "हा छापा मी रघुनाथरावाले कवा कापून देल्ला, आठवून नाई राहिलं. इतकं काम झालं का ध्यानातच नाई राहत. पण पाहा ना, असा 'आर' मले आजवर जमला नव्हता."

माहा आहे म्हटलं त नक्कल केली हे भर बाजारात कबूल करा लागे. चूप राहिलो त 'आर' गेला.

"चांगला आहे," मी म्हटलं.

तो इतका खूश झाला का माहा हात धरून हॉटेलात घेऊन गेला. त्या 'आर'च्या आनंदात मले पेशल चहा पाजला. मी पेलो.