फोटोतली ती बाई

हे मी माझ्या सुनेलाही सांगितलेलं नाही. मंडळातल्या बायकांना तर नाहीच. आणि मी काही गप्प बसणारी बाई नव्हे, गल्लीत कुणालाही विचारा – कोथिंबिरीची जुडी आणायला गेले तर तासाभरानं परत येते. पण एवढं एक पोटात राहिलं. राहिलं कसलं? ठेवलं.

आधी माझं थोडं ऐका. माहेर साताऱ्याकडचं, लग्न होऊन सांगलीत आले. शाळा झाली नाही. नवऱ्याच्या किराणा दुकानात पुड्या बांधायच्या रद्दीवर अक्षरं जुळवत वाचायला शिकले. पुढं गल्लीतल्या बायकांचं मंडळ काढलं, रीतसर नोंदणी केली, अध्यक्ष झाले. हळदीकुंकू, शिवणवर्ग, एकदा पाचगणीची सहल. मग कोरोना आला. मालक आधीच गेलेले, मुलगा-सून पुण्यात अडकलेले. आणि मी, मंडळाची अध्यक्ष – दाराला कडी लावून आत बसले. दोन महिने उंबरा ओलांडला नाही.

आमच्या गल्लीमागं नाला आहे, पलीकडं वस्ती. तिथली शमीम ब्लाउज शिवायची, माझ्या सुनेच्या वयाची. तिनं पत्र्याच्या शेडमध्ये चूल मांडली आणि हातची कामं गेलेल्या घरांना जेवण वाढलं. शाळा बंद, म्हणून पोरांनाही तिथंच घेऊन बसायला लागली. दुसरी-तिसरीतली पोरं वाचायचंच विसरली होती हो. माझ्या दाराशीही ती डबा ठेवून जायची, मी एकटी म्हणून. मी तो खायची.

सगळं ओसरल्यावर महापालिकेनं जाहीर केलं, वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या संस्थांना अनुदान देणार. शमीम माझ्याकडं आली. म्हणाली, “मावशी, तुमच्याकडं नोंदणी हाय, माझ्याकडं काम हाय. दोघी मिळून अर्ज करू. पोरांचा वर्ग तेवढा चालू राहिला पायजे.” सोबत एक फोटो आणला होता. शेडपुढं रांग लागलीय, ती स्वतः मोठी पळी घेऊन वाढतेय. डोक्यावर पदर, नाकातोंडावर मास्क. डोळे तेवढे दिसतात.

अर्ज केला, महापालिकेनं मुलाखतीला बोलावलं. त्या दिवशी तिच्याकडं लग्नाचे ब्लाउज होते शिवायला. मी म्हटलं, तू कशाला कामाची खोटी करतेस, मी सांगते तुझं सगळं. खरंच सांगणार होते का? आठवत नाही. आठवून बघते, पण तिथं काही सापडतच नाही.

टेबलापलीकडं तिघं होते. त्यातल्या एका बाईंनी फोटो उचलला, माझ्याकडं बघितलं – इतक्या आदरानं माझ्याकडं कधी कुणी बघितलं नव्हतं.

“ह्या तुम्हीच ना, काकू?”

मी हो म्हटलं.

कुणी दरडावलं नव्हतं. कसली नड नव्हती. एक शब्द, आणि मग पुढचं आपोआप येत गेलं. जेवण मी केलं, पोरं मी बसवली. वर्ग कुठं घेणार, त्यांनी विचारलं. शेड सांगितली असती तर शेडवाली कोण, हे आलंच असतं ना? मी म्हटलं, आमच्या गल्लीतल्या समाजमंदिरात.

अनुदान मंजूर झालं. उद्घाटनाला तोच फोटो मोठा करून लावला, खाली माझं नाव. शमीमला बोलावलं नव्हतं, तरी आली. फोटोपुढं बराच वेळ उभी राहिली. मग वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “मावशी, माझी साडी लय शोभती की तुमाला!” बायका हसल्या. त्यांना वाटलं, मी साडी उसनी नेसले असेन. मीही हसले. तिच्या तोंडावर – हसले.

वस्तीतली लहान पोरं समाजमंदिरात आली नाहीत. मधला नाल्याकडेचा रस्ता मोठ्या गाड्यांचा, कोण पाठवणार? शमीमनं शेडमधला वर्ग काही दिवस रेटला, मग कपड्यांच्या कारखान्यात जायला लागली. वर्ग मोडला. तिच्याकडं वाचायला बसणारी मुन्नी मला पुढं एकदा गोदामाबाहेर दिसली, शाळेच्या वेळेला, आईशेजारी हळद निवडताना. मी रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं गेले.

आमचा वर्ग चालू आहे. गल्लीतली पोरं येतात, ज्यांना घरी शिकवायला माणसं आहेत ती. मागच्या वर्षी माझा सत्कार झाला. शाल मिळाली, भाषण केलं, बरं झालं म्हणतात. वाईट वाटतं का? – वाटायला पाहिजे, हे कळतं मला. पण हात अंगाखाली दबून बधिर व्हावा आणि आपण त्याला दुसऱ्या हातानं उचलून बाजूला ठेवावं, तसं काहीतरी झालंय.

शमीम अजून तिथंच राहते. पत्र्याच्या शेडपासून तिसरं दार. माझ्या घरापासून पाच मिनिटं लागतात, माझ्या चालीनं सात. गुडघे चांगले आहेत माझे. मी गेलेली नाही.