सखूआत्या आणि भाकरीचा ढीग

सखूआत्या कुणाच्याही घरात शिरली की माणसांच्या आधी चुलीची चौकशी करायची. "पेटली का गं?" घरोघरी गॅस आला तरी प्रश्न तोच. कॉलेजात गावाचा इतिहास लिहून आणायला सांगितलं, तेव्हा मला राजे-सरदार काही सापडले नाहीत. आत्याच आठवली. हे इतिहासात बसतं की नाही, मला नक्की माहीत नाही.

शिरूर तालुक्यातल्या आमच्या गावात यात्रेला आमटी देवळापुढे शिजते आणि भाकरी घरोघरून येतात. त्या गोळा करायचा मान आत्याचा. सगळ्या एकाच धुतलेल्या धोतरावर ओतून ती खालीवर करायची, म्हणजे कुणाच्या पानात कुणाची भाकरी पडली ते कळत नाही. "वळखू आली का रं? न्हाई ना? मंग गप खा," असं वर म्हणायची.

एका वर्षी तिनं सुनीताच्या पोळ्याही आणल्या. सुनीता बिहारची, नवरा कंपनीत, खोली भाड्याची. बाजरीच्या ढिगात गव्हाच्या पोळ्या लांबून दिसत होत्या. यात्रा कमिटीतले आप्पा म्हणाले, "आत्या, भाडोत्री लोकं ही. आज हायेत, उद्या न्हाईत. काढा त्या."

सुनीता बाजूलाच उभी होती. मराठी फार येत नसलं तरी तिला कळलं असावं; ती पोळ्या उचलायला वाकली. आत्यानं तिचा हात धरला.

"आप्पा, तुजा आजा कुठनं आल्ता रं? दुष्काळात, नगरकडनं. येशीभाईर पाल ठोकून ऱ्हायचा. त्याची भाकर घ्यायची का न्हाई, आसंच भांडान झालतं. घेतली, म्हनून तू कमिटीत हायेस."

"आत्या, चारचौघांत काढायचं व्हय हे?"

"मंग काय कानात सांगू? इतिहास हाय त्यो!"

पंगत हसली. आप्पाही हसले, जरा उशिरानं. त्या पोळ्यांना मात्र त्यांनी हात लावला नाही.

गेल्या हिवाळ्यात आत्या गेली. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत. भावकी पिठलं-भाकरी घेऊन येते. त्या संध्याकाळी सुनीताही आली. काठ फाटलेल्या, कुठंकुठं करपलेल्या, पण बाजरीच्या भाकरी. आत यावं की नाही, हे न कळून ती दारातच थांबली. बायकांनी थोरले म्हणून आप्पांकडे पाहिलं.

आप्पांनी आपलं ताट पुढं सरकवलं. "आत ये, पोरी. आधी तुजी वाढ."