रुमालाखालचा दिलासा

नव्या स्वयंसेवकांना मी पहिल्या तासाला एकच नियम शिकवतो : रुग्णाने सरळ विचारले, तर खोटे बोलायचे नाही. हा नियम मी स्वतः मोडला होता. मोडल्यानंतरही तितक्याच ठामपणे तो शिकवत राहिलो, आणि हे बराच काळ कोणालाही ठाऊक नव्हते.

मी पुण्यातल्या एका हॉस्पिसमध्ये समुपदेशक आहे. हॉस्पिसमध्ये कॅन्सर बरा करण्याचे उपचार थांबलेले असतात; वेदना कमी करण्याचे सुरू असतात. अण्णांना घेऊन ॲम्ब्युलन्स आली, तेव्हा त्यांचा मुलगा निरंजन आधी उतरला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, बाबांना आणि आईला यातलं काही माहीत नाही. रिकव्हरी सेंटर म्हणून सांगितलंय. प्लीज, सांभाळून घ्या."

सांभाळून घेणे हा माझा व्यवसायच आहे.

अण्णा मार्केट यार्डातले जुने आडते. म्हणजे शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला विकून देणारे मध्यस्थ. कॉटवर टेकताच त्यांनी विचारले, "साहेब, इथनं माणसं बरी होऊन घरी जातात का?"

मी त्यांचा हात हातात घेतला. प्रशिक्षणात तसे दाखवतात. "जातात की. थोडी ताकद आली की पुढची केमो."

"बरं," अण्णा म्हणाले. त्यानंतर त्यांनी स्वतःविषयी मला काहीही विचारले नाही. रुग्ण स्थिरावला आहे, असे मी मीटिंगमध्ये सांगितले. आमच्या प्रमुख डॉक्टर मॅडमनी चष्म्यावरून पाहिले.

"स्थिरावले, की गप्प झाले?"

"दोन्ही," मी म्हणालो.

अण्णा उलट माझीच विचारपूस करू लागले. माझी पाठदुखी, मुलीचे लग्न, माझा उतरलेला चेहरा. दिलासा ते देत होते. पगार मी घेत होतो.

अण्णांच्या पत्नी, काकू, रोज दुपारी नाचणीची पेज घेऊन येत. एकदा त्यांनी मला जिन्यात थांबवले. आपल्याला सगळे समजले आहे, म्हणाल्या. फक्त यांना आणि निरंजनला कळू देऊ नका. मी तेही सांभाळून घेतले.

मग एका सकाळी अण्णांनी मला दार लोटून घ्यायला सांगितले.

"पूर्वी आमच्याकडं सौदा रुमालाखाली व्हायचा. दोघांनी हात धरायचे, बोटं दाबून भाव सांगायचा. भोवतीच्या सगळ्यांना भाव कळलेला असायचा, पण रुमाल काढायचा नाही, ही रीत. तसंच चाललंय इथं." त्यांनी थोडा दम खाल्ला. "मला मांजरी गावाला, माझ्या घरी मरायचंय. पण घरी न्या म्हटलं की पोरगं म्हणतं, सरांनी सांगितलंय ना, आधी ताकद येऊ दे. आता मला समजलंय हे त्याला कसं सांगू? मोडून पडेल."

वेदनेची औषधे घरीही देता येतात. आमची नर्स घरी जाते. अण्णांना अडवून धरले होते ते माझ्या एका वाक्याने.

मी मॅडमकडे जाऊन सारे सांगितले. त्या रागावल्या नाहीत, हे जास्त लागले. "त्यांची गुपितं त्यांची आहेत, ती फोडू नका. स्वतःचं खोटं तेवढं मागं घ्या."

तिघांना अण्णांच्या कॉटभोवती बसवले आणि घसा साफ करून मी म्हणालो, "सुरुवातीच्या संवादात उपचारांच्या अपेक्षांबाबत माझ्याकडून काही अस्पष्टता राहिली."

काकूंनी पेजेच्या डब्याचे झाकण पुन्हा लावले. "म्हणजे केमो नाही, एवढंच ना? मग घरी चला." निरंजन रडू लागला. मोडून मात्र पडला नाही. अण्णांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवताच त्याने नाक पुसले आणि ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

नर्सबरोबर मी मांजरीला गेलो, तेव्हा खिडकीशी कॉट होती, बाहेर ऊस, त्यापलीकडे नव्या इमारती. नवरा-बायको मोकळेपणाने भांडत होते. तेराव्याला बुंदी नको, ती कोरडी होते, जिलबी करा, असे अण्णांचे म्हणणे. आणि तुम्ही जेवायला नसणार, तर गप्प बसा, असे काकूंचे. त्या खोलीत माझे काहीच काम उरले नव्हते. इतका यशस्वी मी कधी झालो नव्हतो.

"मीटिंग झकास घेतलीत," अण्णा मला म्हणाले. "आमच्यात चूक झाली की चूक म्हणतात. तुमच्यात अस्पष्टता म्हणतात, नाही?"

काकूंनी पदर तोंडाला लावला.

दिलासा देण्याची माझ्याकडे पुष्कळ वाक्ये आहेत, चांगली घासूनपुसून ठेवलेली. त्यातले एकही तिथे चालण्यासारखे नव्हते. मी स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसलो. या वेळी हात धरला नाही.

"अण्णा, तुम्ही विचारलंत, तेव्हा मला उत्तर माहीत होतं. मी खोटं बोललो. तुमचे या घरातले दिवस माझ्यामुळे तिथल्या कॉटवर गेले. मला माफ करा."