हिगाशी की आझुमा

त्या वर्षी क्रेन्स हा बेसबॉलचा संघ एकशे तीस सामने खेळला आणि त्यातले नव्वद हरला. जूनपर्यंत लोकांना राग यायचा. जुलैत हसू यायला लागलं. ऑगस्टनंतर लोक यायचेच बंद झाले.

नोबुए हिराओकाला मात्र यावंच लागायचं. गेली एकोणीस वर्षं क्रेन्सच्या मैदानावर खेळाडूंची नावं पुकारायचं काम ती करत होती. फलंदाजाच्या मागच्या बाजूला, जाळीच्या वर, काचेची एक चिंचोळी खोली होती. तिथे दोन खुर्च्या. एकीवर नोबुए, दुसरीवर गुणलेखक शिनोहारा. बारा वर्षं ती दोघं खांद्याला खांदा लावून बसत होती आणि हवापाण्यापलीकडे फारसं बोलली नव्हती. माइकचं बटण दाबलेलं असताना चुकून आवाज बाहेर जायला नको, म्हणून सवयच लागली होती तशी.

पोलाद कारखान्यामागच्या चढावरच्या घरात ती आईबरोबर राहायची. फेब्रुवारीत आई गेली. तेव्हापासून घरात बोलायला कोणी नव्हतं. सकाळी भात, सोयाबीनच्या मिसोचं सार, लोणच्याचे दोन तुकडे. भांडी घासायची आणि निघायचं. कधी कधी दिवसातलं तिचं पहिलं वाक्य थेट भोंग्यातूनच बाहेर पडायचं, आणि स्वतःचाच आवाज ऐकून ती दचकायची.

त्यात रिकाम्या मैदानात आवाज फार घुमायचा. सप्टेंबरात ऑफिसातला कारकून ओनिझुका वर आला.

"हिराओका-सान, भोंगा जरा बारीक करा. शेजारच्या वस्तीतून तक्रार आलीय."

"काय म्हणतात?"

"म्हणतात, रोज हरता ते हरता, वर वाजवून कशाला सांगता?"

तिने आवाज बारीक केला. आता खालच्या रांगेत रोज येऊन बसणारा, पोलाद कारखान्यातला एक निवृत्त भट्टीवालाही टोमणे मारू लागला. "बाई, बरोबर आहे तुमचं. आरोपींची नावं हळूच घ्यावीत." शंभर-दीडशे माणसांत त्याचं बोलणं वरपर्यंत स्वच्छ ऐकू यायचं.

घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना रविवारी दुपारी होता. सकाळी दहाला नोबुए यादी लिहीत बसली होती. शिनोहारा पेन्सिलींना टोक करत होता. तेवढ्यात दारात एक आडव्या बांध्याचा माणूस टोपी हातात घेऊन उभा राहिला. तो राखीव कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा, हिगाशी होता, नऊ वर्षांपासून संघात. खेळाडू कधी या खोलीत येत नसत.

"एक विचारायचं होतं. पण असू दे," तो म्हणाला.

"विचारा ना."

"आज आई येतेय. गोतो बेटावरून, बोटीनं. पहिल्यांदाच."

"अरे वा."

"आज मला बहुतेक उतरवतील. पुढच्या वर्षी मी संघात नाही, म्हणून." तो एक पाऊल आत आला. "हिराओका-सान, माझं नाव हिगाशी नाही. आझुमा आहे."

जपानी लिपीत ही दोन्ही नावं एकाच चित्राक्षरात लिहितात, वाचायची मात्र वेगवेगळी. तो संघात आला तेव्हा ते कसं वाचायचं हे नोबुएने ऑफिसात विचारलं होतं. ऑफिसाने हिगाशी सांगितलं. त्याला विचारायचं काही तिला सुचलं नव्हतं.

"केव्हापासून?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"जन्मल्यापासून," तो म्हणाला, आणि स्वतःच हसला.

"मग नऊ वर्षं बोलला का नाहीत?"

"पहिल्या वर्षी तुमची भीती वाटायची. मग फार उशीर झाला. आणि खरं सांगू? पुढे पुढे बरंच वाटायला लागलं. हरायचा तो हिगाशी. लोक शिव्या द्यायचे त्या हिगाशीला. खोलीवर जाऊन झोपायचा तो आझुमा."

नोबुएने पेन्सिल खाली ठेवली. "मग आज?"

"तेच कळेना. आईची नजर अधू झालीय. तुम्ही हिगाशी म्हणालात तर तिला कळणारच नाही मी उतरलो ते. आणि आझुमा म्हणालात, तर बाद होणाराही आझुमाच." त्याने टोपी दोनदा फिरवली. "तुम्हीच ठरवा." मान लववून तो जिना उतरून गेला.

नोंदलेलं नावच पुकारायचं, हा नियम होता. एकोणीस वर्षांत तिने तो एकदाही मोडला नव्हता. शिनोहाराने सगळं ऐकलं होतं, पण तो टोक करतच राहिला.

शेवटच्या डावात क्रेन्स सहा धावांनी मागे होते. दोन गडी बाद झाले, आता तिसरा गेला की सामना संपणार होता; तेवढ्यात खालून बदली फलंदाजाची खूण आली. नोबुएने आधी भोंग्याचा आवाज मोठा केला, पूर्वी असायचा तेवढा. मग बटण दाबलं.

"बदली फलंदाज, आझुमा. पाठीवर क्रमांक एक्केचाळीस."

"हा कोण? शेवटच्या दिवशी नवी भरती?" भट्टीवाला ओरडला. दोघे-तिघे हसले. डाव्या बाजूच्या रांगेत मात्र गडद किमोनोतली एक म्हातारी उठून उभी राहिली. मैदानाकडे न बघता, आवाज आला त्या भोंग्याच्या खांबाकडे वळून तिने कमरेत वाकून नमस्कार केला. काचेआडून नोबुएनेही मान लववली, जरी ते कोणाला दिसणार नव्हतं.

आझुमाने तिसरा चेंडू चांगला लांब मारला. पाठीमागे धावत जाऊन क्षेत्ररक्षकाने तो झेलला. आझुमा तरी पहिल्या बेसपर्यंत जीव तोडून पळाला. नव्वदावी हार.

शिनोहाराने वही मिटली. "मी नेहमीचंच अक्षर लिहिलंय, ऑफिस हिगाशीच वाचेल," तो म्हणाला. "बाकी हल्ली मला जरा कमीच ऐकू येतं."

घरी जाताना हे कोणाला तरी सांगावंसं तिला फार वाटलं. बसमधल्या शेजारणीकडे तिने दोनदा पाहिलं. मग नोबुएचा थांबा आला.

नोव्हेंबरात संघ विकला गेला. नवे मालक त्याला दुसऱ्या शहरात घेऊन गेले. त्यांना नावं पुकारणारा आवाजही कोवळा हवा होता. डिसेंबरात नोबुए खोलीची किल्ली द्यायला गेली. ओनिझुका एकटाच खोकी बांधत बसला होता.

"आझुमा-सान कुठे असतात आता?" तिने विचारलं.

"कोण आझुमा?"

"हिगाशी."

"हां, तो. गेला बेटावर. मामाच्या होडीवर असतो म्हणे. किल्ली ठेवा तिथेच."

तिने किल्ली ठेवली. बाहेर डाव्या बाजूच्या रांगेत जाऊन ती थोडा वेळ बसली. समुद्रावरून वारा येत होता आणि फळीवर धूळ साठली होती. तिथून काचेची खोली फारच लहान दिसत होती. आत बसलेलं माणूस तर दिसणंच शक्य नव्हतं.

मार्चपासून तिला बाजारातल्या मोठ्या दुकानात सामान बांधून द्यायचं काम मिळालं. कागदाच्या घड्या ती फार सुबक घालायची. तिथे बोलावं लागत नसे.