भाचीची लाळ

दातांच्या दवाखान्यात येणाऱ्या लहानथोर सगळ्यांचा तो मामा. सख्खी भाची मात्र एकच, आणि सगळ्यात मोठा घोळ त्याने तिच्याच बाबतीत घातला. डॉक्टरांच्या हाताखाली इतकी वर्षं काढल्यावर अर्धा डॉक्टर आपणच, असा त्याचा समज झाला होता. त्याच तोऱ्यात शाळेतल्या दातांच्या तपासणीला त्याने तिला नववीच्या वर्गासमोर उभं केलं आणि हनुवटी धरून तिच्या तोंडात बॅटरी मारली.

"बघा रे! चोरून गोड खाल्लं की असा उकिरडा होतो."

"मी नाही खात," ती पुटपुटली.

"मामाला शिकवू नकोस."

वर्ग खदखदून हसला. मधल्या सुट्टीपर्यंत तिचं नाव 'किडकी' पडलेलं होतं.

पुढचं काम लाळेचं. या वयातल्या पोरांच्या लाळेत खनिजं किती, ते डॉक्टरांना तपासायचं होतं. प्रत्येकाने नळीत खुणेपर्यंत थुंकायचं. वर्गात बसून थुंकायची उघड परवानगी म्हटल्यावर पोरं चेकाळलीच. नळ्या भराभर भरल्या. भाचीच्या नळीत तळाशी नुसता फेस.

"नखरे पुरे. लिंबू आठव," मामा खेकसला.

तिने डोळे मिटून लिंबू आठवलं. पाणी डोळ्यांना आलं, तोंडाला नाही.

अहवाल आल्यावर डॉक्टरांनी मामाला आत बोलावलं.

"दाताची रोज थोडी झीज होते. लाळेतलं कॅल्शियम, फॉस्फेट ती भरून काढतं. हिला लाळच सुटत नाही, भरणार कुठून? कसल्या गोळ्या घेते का ही?"

"शिंकांच्या. रोज. बरीच वर्षं झाली."

"अरे, त्यांनी तोंड कोरडं पडतं! कुणी सांगितल्या?"

गोळ्या मामाच आणायचा, औषधांच्या दुकानातल्या मित्राकडून, वर "मामा असताना डॉक्टर कशाला?" अशी फुशारकीही मारायचा.

घरी हे ऐकून बहिणीने कपाळाला हात लावला. भाची एवढंच म्हणाली, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते."

"नव्हतीस गं बाई."

"मग वर्गात येऊन सांग. जिथे माझं हसं केलंस, तिथे."

"उद्याच सांगतो."

तो गेलाही. तास संपवून गणिताचे सर फळा पुसत होते.

"काय मामा, आज कुणाचं तोंड उघडताय?"

पोरं फिदीफिदी हसली. मागच्या बाकावर भाचीने मान वर केली. तोंडावर हात होता, हल्ली असायचाच. वाक्य मामाच्या जिभेवर तयार होतं. पण एवढ्या पोरांसमोर 'मी चुकलो' म्हणायचं?

"काही नाही, सर. टॉवेल राहिला होता माझा इथे."

संध्याकाळी बहिणीने विचारलं, "सांगितलंस का रे?"

"सरांना सवड नव्हती गं. उद्या बघतो."

भाचीने वहीतून डोकं वर काढलं नाही.

"टॉवेल सापडला का, मामा?"